अंगण कुठे राहिले? बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाची चिकित्सा

चंदीगडहून अंबाल्याच्या रस्त्याला लागलात की झिरकपूरनंतर डेराबस्सी येते. मोहाली जिल्ह्यातले हे गाव आता औद्योगिक गाव म्हणून ओळखले जाते. औषधांचे आणि रसायनांचे कारखाने, आणि त्यांत राबायला उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेली कुटुंबे. तिथल्या एखाद्या गल्लीत गुरुमुखी लिपीतली एक सरकारी पाटी तुम्हाला दिसेल. लिपी येत नसली तर शेजारच्या दुकानदाराला वाचायला सांगा. तो वाचेल, 'आंगणवाडी'. मराठी वाचकाला त्यात परके काहीच वाटणार नाही, पण थोडे थांबून विचार करा. पंजाबीत अंगणाला रोजच्या बोलण्यात 'वेहडा' म्हणतात. मग या पाटीवर 'वेहडा' नाही आणि 'आंगण' आहे, ते का?

कारण तो शब्द समुद्रकाठच्या बोर्डी या गावाहून तिथे गेला आहे. बोर्डी डहाणू तालुक्यात येते. तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज पालघर जिल्ह्यात आहे. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे एक प्रयोग केला. पुढे त्याचे नाव साऱ्या देशाने घेतले. नाव घेतले, पण प्रयोगातला विचार घेतला का, हा या पाठाचा प्रश्न आहे.

शिक्षणशास्त्र, समाजकार्य किंवा समाजशास्त्र शिकताना 'पर्यायी शाळा' हे प्रकरण तुम्हाला लागतेच, आणि ते बहुधा कौतुकाच्या सुरात शिकवले जाते. कौतुकाला हरकत नाही, पण त्याने परीक्षण होत नाही. म्हणून एक कसोटी आधीच मांडून ठेवतो आहोत, म्हणजे तुम्हाला ती वाटेत तपासता येईल. शाळा 'पर्यायी' आहे की नाही हे ठरवताना आपण तिच्या वर्गात काय चालते ते पाहतो. त्याआधी पाहायला हवे ते हे, की जे मूल वर्गात आलेच नाही त्याचा तिने काय विचार केला.

मूल आलेले आहे असे धरून

या विषयावरची प्रसिद्ध पुस्तके आठवून पाहा. गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यातल्या शिक्षकाला चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मिळतो आणि गोष्टी, खेळ, नाटक यांतून तो वर्गाचे रूप पालटून टाकतो. पुस्तक सुंदर आहे, आणि ते काल्पनिक आहे हेही विसरू नका. पण पहिल्या दिवशी शिक्षक दार उघडून आत जातो तेव्हा मुले आत बसलेली असतात. तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान'मधली तोमोए शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते, मुख्याध्यापक कोबायाशी त्या चिमुरडीचे बोलणे तासन्‌तास ऐकून घेतात, आणि मराठी घरांतही हे पुस्तक प्रेमाने वाचले जाते. तिथेही मुलीला शाळेत आणून सोडणारी आई आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांकडे पाहा. लीलाताई पाटील यांची कोल्हापूरची सृजन आनंद, पुण्याची अक्षरनंदन. शिक्षण आनंदाचे कसे करावे याचे मोठे काम या शाळांनी केले, आणि त्यांच्याविना मराठीतली शिक्षणचर्चा फारच कोरडी राहिली असती. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांचे काम मात्र वस्तीतल्या शाळाबाह्य मुलांपासून सुरू झाले, म्हणून त्याला थोडे वेगळे ठेवायला हवे. एरवी या सगळ्या लेखनात एक गोष्ट न बोलता गृहीत असते. मूल आलेले आहे. आता त्याला कसे शिकवायचे ते बोलू.

माँटेसरींचे उदाहरण या बाबतीत गमतीचे आहे. १९०७ साली त्यांचे पहिले बालगृह रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत, भाड्याच्या खोल्यांच्या चाळीतच उघडले. आईबाप कामावर गेले की मुले मोकाट सुटतात आणि इमारतीची नासधूस करतात, ही मालकांची तक्रार त्यामागे होती. म्हणजे शाळा मुलांच्या दारात गेली होती. त्या अर्थाने पहिली माँटेसरी शाळा ही आजच्या आपल्या 'माँटेसरी'पेक्षा अंगणवाडीच्या अधिक जवळची म्हणावी लागेल! १९३९ मध्ये माँटेसरी भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्यांचे नाव आज आपल्या शहरांत बहुतेकदा भरपूर शुल्क घेणाऱ्या शाळेच्या पाटीवर दिसते. नाव पोहोचते आणि वस्ती मागे राहते, हे अंगणवाडीच्याच बाबतीत पहिल्यांदा घडलेले नाही.

बोर्डीचे अंगण, कोसबाडची टेकडी

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा, मुंबईच्या प्रार्थनासमाजी केळकर घराण्यातला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत काढली, पुढे राजकोटला मुलींच्या अध्यापन विद्यालयात काम केले, आणि १९२३ च्या सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाईंबरोबर कामाला लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढला. इथवरचा प्रवास शहरी, सुशिक्षित कुटुंबांतल्या मुलांचाच आहे. वेगळे वळण लागते ते १९४५ साली, बोर्डीला.

त्या वर्षाची हवा ध्यानात घ्या. गांधीजींची १९३७ ची वर्धा योजना सात वर्षांच्या मुलापासून सुरू होत होती. १९४५ च्या आरंभी सेवाग्रामला झालेल्या संमेलनात नई तालीमची व्याप्ती जन्मापासून मरणापर्यंत मानली गेली आणि पूर्वबुनियादी शिक्षण हा स्वतंत्र विषय झाला. कस्तुरबा ट्रस्टची ग्रामसेविकांसाठी शिबिरे निघाली होती. त्यातल्याच बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंना अनुताई भेटल्या. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण, मग नाशिक जिल्ह्यात आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी. पस्तिशीत नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि १९९२ साली जाईपर्यंत त्याच तालुक्याच्या होऊन राहिल्या.

बोर्डीची बालवाडी सुरू झाली. साधने महागडी नव्हती. समुद्रकाठ असल्याने शंखशिंपले होते, झाडे असल्याने बिया, पाने, काटक्या होत्या. माँटेसरींची लाकडी ठोकळ्यांची पेटी परवडणार नाही म्हणून केलेली ही काटकसर नव्हती. मुलाच्या हाताला आधीच ओळखीची असलेली वस्तू हेच साधन, असा तो विचार होता. तरी गावातल्या हरिजन वस्तीतली मुले येईनात. इथे सामान्य संस्थाचालक काय करतो? पालकांत जागृती नाही, असा शेरा अहवालात मारतो. ताराबाई-अनुताईंनी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. झाडलोट, न्हाणे-धुणे, गाणी, गोष्टी, खेळ, सगळे तिथे, आयाबायांच्या डोळ्यांसमोर. हीच अंगणवाडी.

(जाता जाता शब्दाबद्दल. 'बालवाडी'तली वाडी म्हणजे बाग. फ्रोबेलच्या किंडरगार्टनचा अर्थ त्यात आहे. डहाणू-बोर्डीकडे मात्र वाडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे चिकूची बाग येते, आणि तिथे मजुरी करणारा वारली येतो. मुलांची वाडी आणि मालकाची वाडी, दोन्हींना शब्द एकच. पुढे हे आठवावे लागेल.)

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता मुले वारली होती आणि गैरहजेरीची कारणे आणखी उघडी होती. मोठी मुले गुरे राखायला जात. म्हणून कुरणशाळा निघाली. गुरे जिथे चरतात तिथे शाळा, आणि शिक्षिकेने वेळापत्रक गुरांच्या चालीने जुळवून घ्यायचे. वनस्पती, किडे, दगड, ऋतू हा अभ्यासक्रम पुढ्यात पसरलेलाच होता.

आणि विकासवाडी. माझ्या मते या सगळ्या प्रयोगातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी वाचली गेलेली गोष्ट आहे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. वरवर पाहता हा नुसता सोयीचा भाग वाटतो. पण तो का केला ते पाहा. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? शाळा कंटाळवाणी आहे म्हणून नव्हे. आई मजुरीला गेली आहे आणि धाकटे भावंड तिच्या कडेवर आहे म्हणून. तिच्यासाठी तुम्ही कितीही आनंददायी तासिका आखा, कडेवरचे पोर खाली ठेवायला जागा नसेल तर ती येणार नाही. पाळणाघर दिले की ती येते. सगळ्यांत धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात, आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना पाहायची सोय.

शिक्षणाच्या प्रश्नाचे उत्तर इथे अध्यापनपद्धतीत सापडलेले नाही. ते श्रमाच्या वाटणीत सापडले आहे. ज्या मुलीला शिकवायचे तिचे घरातले काम शाळेने स्वतःवर घेतले. तुम्ही परीक्षेत 'बालकेंद्री शिक्षण' या प्रश्नाचे उत्तर लिहाल तेव्हा कृती, खेळ, स्वातंत्र्य हे मुद्दे लिहाल. कडेवरचे पोर हाही त्यातलाच मुद्दा आहे, हे लिहायला विसरू नका.

मग अडचण कुठे आहे?

पहिली शंका लहान आहे, पण टोचते. अंगणवाडीच्या दिनक्रमात स्वच्छतेला मोठे स्थान होते. नखे काढणे, केस विंचरणे, अंघोळ. आरोग्याच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नाही. पण शहरातून आलेल्या उच्चवर्णीय बाई दलित किंवा वारली मुलाला आधी धुऊन काढतात आणि मग शिकवतात, या दृश्यात 'तू मुळात मळलेला आहेस' हा न बोललेला धडाही असू शकतो. मळण्याचे कारण मुलाच्या सवयीत शोधायचे की पाड्यावर पाणी नाही यात, हे दरवेळी विचारायला हवे. ताराबाई-अनुताईंच्या मनात काय होते याचा निवाडा मला करायचा नाही. पुढे याच दिनक्रमाचे सरकारी तक्ते झाले तेव्हा त्यातली माया गळाली आणि तपासणी उरली, एवढे नक्की.

दुसरी शंका मोठी आहे. १९४५ हेच वर्ष डहाणू-तलासरी भागातल्या वारल्यांच्या उठावाचे आहे. त्या मे महिन्यात बोर्डीपासून काही मैलांवर, झरी या गावी वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठ बंद करण्याचा, मालकाच्या शेतावर फुकट न राबण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा काळ लिहून ठेवला आहे. ते आणि अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' ही दोन्ही पुस्तके एकाच तालुक्याच्या परिसरातली, एकाच समाजाबद्दलची, दोन मराठी बायकांनी लिहिलेली. ती शेजारी ठेवून वाचा. एका पुस्तकाचा प्रश्न आहे, हा माणूस वेठीला का जातो? दुसऱ्याचा प्रश्न आहे, याच्या मुलाला शिकायला कसे मिळेल? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण पहिला न विचारता दुसरा विचारला तर एक धोका संभवतो. गुराख्याचे मूल ज्या गुरांमागे जाते ती गुरे कुणाची, हे न विचारताच आपण त्याच्या कुरणात फळा टांगू लागतो.

हैदराबादच्या एम. व्ही. फाउंडेशनने, म्हणजे शांता सिन्हा यांच्या संस्थेने, १९९० च्या दशकात याच ठिकाणी बोट ठेवले. त्यांची भूमिका तडजोड न करणारी होती. शाळेबाहेरचे प्रत्येक मूल हे काम करणारे मूल आहे, आणि त्याचे ठिकाण पूर्ण वेळ भरणाऱ्या, नियमित, दिवसाच्या शाळेत आहे. रात्रीचे वर्ग, सोयीच्या वेळचे वर्ग, कामाच्या जागी शाळा, या सगळ्याला त्यांचा विरोध होता, कारण ही सोय मुलाची नसते. त्याला कामाला लावणाऱ्याची असते. या युक्तिवादापुढे कुरणशाळा कशी उभी राहते?

प्रामाणिकपणे सांगायचे तर अर्धीच. त्या काळात, जिथे शाळाच नव्हती तिथे, कुरणशाळेने मुलाला अक्षर आणि सन्मान दिला. पण तिने मुलाचे काम तसेच ठेवले आणि शाळा त्याभोवती वाकवली. विकासवाडीने उलट केले. तिने मुलीचे काम काढून घेतले. एकाच संस्थेत, एकाच टेकडीवर, एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन परस्परविरोधी उत्तरे आहेत, आणि कोसबाडवरच्या गौरवपर लेखनात ती सरसकट एका ओळीत 'अभिनव उपक्रम' म्हणून येतात. तुम्ही तसे करू नका. पहिले उत्तर स्वस्त आहे, दुसरे महाग. पुढचा इतिहास या एका फरकाने घडला आहे.

तिसरी शंका 'सेविका' या शब्दाविषयी. ताराबाई आणि अनुताई यांनी स्वतःसाठी फार थोडे घेतले. ते त्यांचे मोठेपण. पण त्यागावर उभी राहिलेली व्यवस्था सरकारच्या हाती गेली की त्याग ही पगाराच्या तक्त्यातली एक ओळ होते. अंगणवाडी चालवणारी बाई 'सेविका' झाली, तिला वेतन नसून 'मानधन' ठरले, आणि ती सरकारी कर्मचारी नसून स्वयंसेवी आहे असे अनेक दशके सांगितले गेले. सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळायला हवी असा निर्णय दिला तो एप्रिल २०२२ मध्ये. योजना सुरू झाल्याला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे होत आली होती. बोर्डीत स्वतःहून स्वीकारलेले व्रत दुसरीवर लादले गेले की त्याला काय म्हणायचे, ते तुम्ही ठरवा.

आणखी एक मर्यादा अभ्यासक म्हणून नोंदवून ठेवा. कोसबाडची कहाणी आपल्याला मुख्यतः शिकवणाऱ्यांच्या लेखणीतून मिळाली. अनुताईंची शैली साधी, न मिरवणारी आहे, म्हणून ती पटतेही. पण कुरणात बसलेल्या त्या मुलाला काय वाटत होते, घरची वारली बोली आणि बाईंची मराठी यांमधले अंतर त्याने कसे ओलांडले, हे आपल्याला त्याच्या तोंडून फारसे ऐकायला मिळत नाही. अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या ग्राममंगलने पुढे याच तालुक्यात ऐने येथे शाळा काढली आणि शिक्षणात मुलांच्या घरच्या बोलीला जागा देण्याचा प्रश्न हाती घेतला, हे त्या दृष्टीने पुढचे पाऊल होते.

सरकारच्या हाती

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. ताराबाई त्याआधी दोन वर्षे, १९७३ मध्ये गेल्या होत्या. योजनेच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. सेवा सहा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांचे आरोग्य व आहार शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. यांतली शिक्षणाची सेवा एकच. भूक आणि आजार यांनी मुले मरत असताना आहाराला अग्रक्रम देणे चुकीचे होते असे कुणी म्हणू शकणार नाही. पण सहा सेवा आणि असंख्य नोंदवह्या एका मानधनावरच्या बाईच्या हाती दिल्या की शेवटी कोणती सेवा वाळते, हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

त्याच सुमारास, १९७९-८० पासून, शाळाबाह्य मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचा केंद्रीय कार्यक्रम आला आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याचा विस्तार केला. काम करणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या सोयीच्या वेळी दोनेक तासांचे वर्ग. कुरणशाळेचाच हा कळाहीन वंशज. कुरणात बसायला तयार असलेली शिक्षिका त्यात नव्हती, आणि मुलाचे काम मात्र जसेच्या तसे होते. म्हणजे देशाने कोसबाडकडून अंगणवाडीचे नाव घेतले, कुरणशाळेचा काटकसरी भाग घेतला, आणि विकासवाडी टेकडीवरच ठेवली.

पाळणाघर तर सुटलेच. तीन वर्षांखालच्या बाळाला अंगणवाडीतून शिधा मिळतो, लस मिळते, वजन होते. दिवसभर सांभाळणारे कुणी मिळत नाही. आणि अंगणवाडी भरते ती चारेक तास. पाळणाघरांसाठी योजना निघत राहिल्या, अलीकडे मिशन शक्तीखालची 'पालना' आली, पण त्या मुख्य रचनेला चिकटवलेल्या जोडपत्रासारख्या राहिल्या आहेत.

अंगणवाड्या देशभर वाढल्या तेही शिक्षणाच्या हक्काने नव्हे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या अन्नाच्या हक्काच्या याचिकेत न्यायालयाने आदेश दिले, आणि डिसेंबर २००६ च्या आदेशाने १४ लाख अंगणवाड्यांचे उद्दिष्ट ठरले. उलट शिक्षण हक्क कायदा, २००९, सहा ते चौदा या वयाचा आहे. सहाच्या खालच्या मुलासाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल', एवढेच त्यात म्हटले आहे. थोडक्यात, चार वर्षांच्या मुलाला खिचडीचा हक्क आहे, गोष्टीचा नाही. हे वाक्य चमकदार म्हणून लिहिलेले नाही, कायद्याची स्थितीच अशी आहे.

आता पुन्हा पंजाबकडे येऊ. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी पंजाब सरकारने सरकारी प्राथमिक शाळांत पूर्वप्राथमिक वर्ग सुरू केले. तीन ते सहा वर्षांची मुले शाळेत आली, आणि अंगणवाडी सेविका आंदोलनाला उतरल्या, कारण मुले शाळेने नेली तर केंद्रात उरणार काय? शिक्षणाच्या बाजूने पाहिले तर सरकारच्या निर्णयाला आधार आहे. प्रशिक्षित शिक्षक, पक्की इमारत, पुढच्या इयत्तेशी जोड. गरीब पालकांनाही अंगणवाडीपेक्षा 'शाळा' हवी असते, आणि त्यांच्या या इच्छेला अडाणी समजण्याचे कारण नाही. एम. व्ही. फाउंडेशनचा युक्तिवादही या बाजूला झुकेल.

तरी बोर्डीची कसोटी लावून पाहा. शाळा इमारतीत आहे, अंगणवाडी भाड्याच्या खोलीत आहे. दोन्ही सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात. डेराबस्सीतल्या कारखान्यात आईची पाळी आठ-बारा तासांची असेल तर मधल्या वेळात बाळ कुणाकडे? गावाकडे आजी असते. इथे भाड्याची एक खोली आहे आणि शेजारी कालच राहायला आलेले. तेव्हा उत्तर बहुतेकदा तेच येते, जे कोसबाडला आले होते: थोरल्या मुलीकडे. सरकारी नोंदीत तिचे नाव शाळेच्या पटावर असेल. पट आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. पूर्वप्राथमिक वर्ग अंगणवाडीत हवा की शाळेत, या वादात दोन्ही पक्ष त्या मुलीबद्दल बोलत नव्हते.

या पाठाबरोबर एक काम करा. तुम्ही जिथे शिकता तिथल्या जवळच्या अंगणवाडीत, सेविकेची परवानगी घेऊन, एक सकाळ बसा. भिंतीवरची चित्रे, साधने, गाणी यांची नोंद करा, पण अर्ध्या पानात आटोपा. उरलेली पाने न आलेल्या मुलांसाठी ठेवा. सेविकेला त्यांची नावे पाठ असतात. कोण आले नाही, त्याची आई कुठे कामाला जाते, घरी त्याच्याबरोबर कोण आहे, ती जी घरी आहे ती कितवीत आहे, हे तिला विचारा. केंद्राला अंगण आहे का, तेही बघून ठेवा.

पंजाबातल्या औद्योगिक शहरांत, लुधियान्यात तर सर्रास, परप्रांतीय कामगारांच्या राहण्याच्या जागेलाही 'वेहडा'च म्हणतात. मध्ये मोकळी जागा, एखादा नळ, आणि भोवतीने एकेका कुटुंबाची एकेक खोली. सकाळी सात-साडेसातला मोठी माणसे निघून जातात. नंतर तिथे मुले असतात, आणि सहसा कुणीतरी थोरली, कडेवर बाळ घेऊन.